डोळ्यांमागचा डाग

सतरा वर्षांत हणमंत गुरवला तुरुंगात भेटायला एकच माणूस आलं, त्याची थोरली बहीण. दर दोन महिन्यांनी ती मिरजेहून बसनं यायची, काचेपलीकडं बसायची आणि त्याच्या मुलीबद्दल, तेजलबद्दल सांगायची. तेजल पाचवीत गेली. तेजलला चष्मा लागला. तेजल पोहायला शिकली. तेजल स्वतः मात्र कधी आली नाही. चौदा वर्षांची असताना तिनं आत्याबरोबर एक निरोप पाठवला होता, "माझे वडील वारले असं मी शाळेत सांगितलंय. आता तेच राहू दे."

हणमंतनं तेच राहू दिलं.

पाच वर्षांपूर्वी बहीणही गेली. त्यानंतर सोमवारी मुलाखतीची नावं पुकारली जात तेव्हा हणमंत हातमागावरची मान वर करत नसे. आपलं नाव येईल असं वाटण्याजोगं बाहेर कुणी उरलंच नव्हतं. बायको तर तेजल तीन वर्षांची असतानाच डेंग्यूनं गेली होती.

२०४३च्या जानेवारीत तुरुंगाच्या दवाखान्यात एक यंत्र आलं. पूर्वी मेंदूचं चित्र काढायचं तर माणसाला मोठ्या चुंबकाच्या बोगद्यात आडवं घालावं लागे. हे यंत्र बायकांच्या पार्लरमध्ये केस वाळवायला असते त्या टोपीएवढं होतं. खुर्चीत बसायचं, टोपी डोक्यावर उतरायची आणि समोरच्या पडद्यावर चेहरे दिसू लागायचे. काही हसणारे, काही रडणारे, काही दातओठ खाणारे. ते बघताना मेंदूचा जो भाग कामाला लागेल तिकडं रक्ताचा ओघ वाढतो. टोपी तो ओघ मोजायची. एका भागाकडून दुसऱ्या भागाकडं जाणाऱ्या तंतूंच्या जुड्याही तिला दिसायच्या.

यंत्राबरोबर डॉ. रेश्मा तडवी आल्या होत्या. मूळच्या जळगावकडच्या, नोकरी पुण्याच्या एका संशोधन संस्थेत. चार वर्षं त्या तुरुंगातुरुंगांतून खुनाच्या आणि मारहाणीच्या कैद्यांचे मेंदू तपासत होत्या. ज्याला तपासून घ्यायचं नसेल त्यानं घेऊ नये, सक्ती नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं. हणमंतनं सही केली ती विज्ञानासाठी नाही. तपासणीला दोन तास लागतात आणि तेवढा वेळ डॉक्टर प्रश्न विचारतात, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. दोन तास कुणी त्याच्याशी बोललं त्याला बरीच वर्षं झाली होती.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी त्याला पुन्हा बोलावलं. पडद्यावर त्याच्याच मेंदूचं चित्र होतं, करड्या रंगाचं, आक्रोडाच्या गरासारखं.

"हे बघा हणमंतराव. इथं, खूप आत, बदामाएवढा एक भाग असतो. कुणी अंगावर आलं, अपमान केला, की आधी हा पेटतो. सगळ्यांचाच पेटतो. तुमचा, माझा, तुमच्या अधीक्षकांचा." त्यांनी बोट पुढं सरकवलं. "आणि हा कपाळामागचा, डोळ्यांच्या वरचा भाग. तो म्हणतो, थांब. या दोघांना जोडणारी तंतूंची जुडी असते. आम्ही आपसांत तिला लगाम म्हणतो. तुमचा उजवीकडचा लगाम तुटलेला आहे."

उजव्या डोळ्याच्या वर चिंचोक्याएवढा काळा डाग होता.

"डोक्याला मार लागला होता कधी?"

"लहानपणी. देवळाच्या पायरीवरून मागं पडलो होतो. सात वर्षांचा असेन. पाच टाके पडले."

"मागं पडलात ना? मग जुळतंय. डोकं मागं आपटलं की मेंदू आतल्या आत पुढं जातो आणि डोळ्यांवरच्या खडबडीत हाडावर घासतो. मार मागं, जखम पुढं." त्या टिपून घेत होत्या. "वास येतो तुम्हाला?"

"नाही."

"अजिबात?"

"अगरबत्तीचासुद्धा नाही."

"वासाची नस तिथंच असते, जखमेच्या शेजारी. म्हणजे लहानपणापासूनच येत नाही."

"हं," हणमंत म्हणाला.

हं म्हटलं की प्रश्न संपतात, हे तुरुंगात माणूस लवकर शिकतो.

डॉ. तडवींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दोन वर्षांपूर्वी नवा कायदा आला होता. गुन्ह्याच्या वेळी माणसाच्या मेंदूला अशी इजा होती असं दिसलं आणि तिच्यावर उपचार शक्य असला, तर त्याला गुन्हेगार न मानता रुग्ण मानायचं. कपाळाला एक पट्टी बांधायची. तिच्यातून चुंबकाचे हलके ठोके जातात आणि शिल्लक तंतूंना बळ येतं. सहा महिने पट्टीचा गुण दिसला की मंडळासमोर सुनावणी आणि मग घर.

"तुम्ही तो खून केलात तेव्हा थांब म्हणणारं तुमच्या डोक्यात कुणी नव्हतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुमच्या खटल्यात हे कुणालाच माहीत नव्हतं. मला वाईट वाटतंय."

हणमंत बराकीत परतला तेव्हा त्याला नीटसं काही समजलेलं नव्हतं. ते समजलं दुसऱ्या दिवशी मागावर बसल्यावर, धाग्याचा धोटा हातातून सुटून खाली पडला तेव्हा.

पायरीवरून पडल्यानंतर तीस वर्षं त्याला वास येत होता. डिझेलचा, जळक्या क्लचचा, बायकोच्या केसांतल्या तेलाचा. वास गेला तो तुरुंगात, शिक्षेच्या सातव्या वर्षी. तेव्हा तो दुसऱ्या तुरुंगात होता आणि स्वयंपाकघरात काम करायचा. दोघांनी ढकललं आणि तो दगडी पायऱ्यांवर मागं कोसळला. दवाखान्यात चार दिवस काढले. कागदावर 'पाय घसरून' असं लिहिलं गेलं आणि त्यानंही तेच सांगितलं, कारण तिथं तेच सांगायचं असतं. परत आला तर फोडणी पडल्याचा आवाज आला, वास आला नाही. त्या महिन्यात त्याच्या नाकाखाली दोनदा डाळ करपली. मग त्याला मागावर घातलं.

डाग दहा वर्षांचा होता. खून सतरा वर्षांपूर्वीचा.

डॉक्टर गुरुवारी यायच्या. गुरुवारी सांगून टाकू, असं त्यानं ठरवलं. पण सोमवारी त्याचं नाव पुकारलं गेलं.

काचेपलीकडं चष्मा लावलेली एक पंचविशीची मुलगी बसली होती. हणमंतनं आधी तिच्या मागं कुणी आहे का ते पाहिलं. मग तिचं कपाळ पाहिलं. ते तिच्या आईचं होतं. त्यानं फोन उचलला. बराच वेळ नुसता तिच्या श्वासाचा आवाज येत राहिला.

"पप्पा," ती म्हणाली.

त्यानं फोन कानाला आणखी घट्ट धरला.

"मला संस्थेतून फोन आला. घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का, म्हणून विचारत होते. मग त्यांनी रिपोर्ट पाठवला. मी तीनदा वाचला." तिनं चष्मा वर सरकवून डोळे पुसले. "तुम्ही आजारी होतात. एवढी वर्षं आजारी होतात आणि मी शाळेत सगळ्यांना सांगत होते, माझे वडील मेले."

"असू दे."

"असू दे काय? मला सांगा ना काहीतरी. रागवा तरी."

"जेवलीस का?" हणमंतनं विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

ती हसली आणि मग पुन्हा रडली. वीस मिनिटं संपली. उठताना तिनं काचेवर हात ठेवला. ती गेल्यावरही हणमंत काचेजवळ नेलेला आपला हात बघत राहिला.

गुरुवारी डॉक्टर आल्या. त्यांनी त्याच्या कपाळाला पट्टी बांधली, ठोके जाणवतात का विचारलं. "जाणवतात," तो म्हणाला. आणखी काही म्हणाला नाही.

तेजल दर पंधरा दिवसांनी यायला लागली. ती सांगलीला भूमापन कार्यालयात होती, ड्रोन उडवून शिवारांचे नकाशे करायची. कुणाच्या बांधावरून ड्रोन गेला की लोक दगड कसे मारतात, ते हातवारे करून सांगायची. पंधरा दिवसांतली वीस मिनिटं. बाकीचे दिवस हणमंत तिचं बोलणं मनात उलटसुलट करत मागावर बसे. सतरंजीच्या वीणकामात त्याच्या चुका होऊ लागल्या आणि कधी नव्हे ते मुकादमानं त्याला हसताना पाहिलं.

मार्चमध्ये ती ओंकारबद्दल बोलली. कार्यालयातलाच मुलगा, जयसिंगपूरचा.

"त्याच्या घरच्यांचं अडत होतं. खुन्याची मुलगी म्हणून. मी रिपोर्ट दाखवला. त्यात स्पष्ट लिहिलंय, इजेमुळे झालेलं, आनुवंशिक नाही. त्याची आई म्हणाली, आजाराला कोण काय करणार? आता त्यांची काही हरकत नाही." ती जरा लाजली. "तुम्ही सुटून आलात की तारीख धरायची. मंडपात तुम्ही पाहिजेत, पप्पा."

"येईन की," हणमंत म्हणाला. त्या एका शब्दावर पुढचे पंधरा दिवस गेले.

एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी ती घामाघूम होऊन आली. बाहेर बेचाळीस डिग्री होते.

"काल खरबूज आणलं. फिकं निघालं. दोन घास खाऊन टाकून दिलं. तुम्ही आणायचात ते कधी फिकं निघायचं नाही. मला आठवतंय, गाड्यावरचं एकेक फळ उचलायचात आणि देठाकडं नाक लावून..."

ती थांबली.

हणमंतनं मान खाली घातली. फोनमधून पलीकडच्या कैद्याचं बोलणं पुसटसं ऐकू येत होतं.

"रिपोर्टमध्ये लिहिलंय, लहानपणापासून वास नाही," तेजल सावकाश म्हणाली.

"तेजू..."

"मी आठ वर्षांची होते. लहान मुलांना काहीही आठवतं."

"तेजू, मी इथं पडलो होतो. आत आल्यावर, सातव्या वर्षी. तेव्हा..."

"मी विचारलं का?" तिचा आवाज चढला. बाजूच्या खिडकीवरची बाई वळून बघू लागली. तेजलनं काचेला जवळजवळ कपाळ टेकलं. "मी तुम्हाला काही विचारलं नाही. मला नकोय ऐकायला. सतरा वर्षं माझा बाप खुनी होता, आता तीन महिने तो आजारी आहे. मला हा पाहिजे. कळलं? कुणाला काही बोलू नका."

"बरं," हणमंत म्हणाला.

"शपथ घ्या."

"बरं, बाळ."

त्या दिवशी ती वेळ संपायच्या आधीच उठली. पण पुढच्या खेपेला आली, ड्रोनच्या गोष्टी सांगितल्या आणि खूप हसली. खरबुजाचं नाव दोघांनी काढलं नाही. हणमंतच्या मात्र लक्षात आलं, की आता तेजल येते तेव्हाही आपण एकटेच बसलेले असतो. मध्ये आणखी एक काच आली होती आणि ती दोघांनी मिळून बसवली होती.

जुलैच्या अखेरीस सुनावणी झाली, तुरुंगाच्याच सभागृहात. मंडळात तिघं होते. निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष होते. डॉ. तडवींनी भिंतीवर चित्र दाखवलं, बदाम, लगाम आणि डाग समजावून सांगितले. पट्टीचे आकडे चांगले आले होते. सहाशे बारा कैद्यांमध्ये इतकं स्वच्छ उदाहरण आपल्याला दुसरं मिळालं नाही, असं त्या म्हणाल्या. तेजल मागच्या रांगेत बसली होती, निळा कुडता इस्त्री करून.

कायद्यानं मेलेल्या माणसाच्या घरच्यांनाही विचारावं लागे. विलास खिलारेच्या घरी आता फक्त त्याची आई होती. अनसूयाबाई, वय शहात्तर. एका महिला पोलिसानं हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं. हणमंतनं त्यांना खटल्यात पाहिलं होतं. तेव्हा त्या एवढ्याशा नव्हत्या.

अध्यक्षांनी त्यांना सगळं सोप्या शब्दांत सांगितलं. त्या कानामागं हात धरून ऐकत होत्या.

"म्हंजे ह्यानं न्हाई मारलं?"

"मारलं त्यांनीच, आजी. पण ते त्यांच्या हातात नव्हतं. मेंदूला इजा झाली होती."

"कुनी केली इजा?"

"कुणी नाही. लहान असताना देवळाच्या पायरीवरून पडले."

अनसूयाबाई बराच वेळ भिंतीवरच्या चित्राकडं बघत राहिल्या.

"मग माझ्या इलासला मारलं कुनी? पायरीनं?"

त्या अध्यक्षांकडं वळल्या.

"सतरा वर्सं रोज उठून मी ह्याला तळतळाट दिला. दिवा लावताना दिला, जेवताना दिला. आता म्हंता, त्यो दगडाला दिला." त्यांचा आवाज चढला नव्हता. नुसत्या दमल्या होत्या. "तुमी शिकलेली मानसं. खरं असंल. मी आता कुनावर राग धरू तेवढं सांगा, म्हंजे झालं. न्हाईतर कागूद द्या हिकडं. सही करती आनि जाती."

पोलिसानं त्यांच्या हातात पेन दिलं.

"मी मारलं," हणमंत म्हणाला.

अध्यक्षांनी हात वर केला. "तुम्हाला नंतर संधी मिळेल."

"नाही साहेब, आत्ताच. त्यांनी सही करायच्या आधी." तो उभा राहिला. मागं बघायचं नाही असं त्यानं ठरवलं. "मी मारलं. हा डाग तेव्हा नव्हता. मी तुरुंगात पडलो, शिक्षेच्या सातव्या वर्षी. वास तेव्हा गेला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी नुसतं हं म्हणालो. त्यांची चूक नाही."

डॉ. तडवी जागच्या जागी ताठ झाल्या.

"विलास आणि मी एकाच गॅरेजात कामाला होतो. त्या दिवशी त्यानं मी जोडलेल्या बसच्या ब्रेकचा पाइप सगळ्या गॅरेजसमोर धरला. नट सैल राहिला होता. माझाच. ती गाडी घाटात गेली असती तर पन्नास माणसं गेली असती. तो बरोबर होता. पण तो हसला, आणि पोरं हसली. मी बाहेर पडलो. कोपऱ्यावर चहा घेतला. आलं जास्त झालं होतं. वासावरूनच कळलं, मी चहावाल्याला तसं म्हणालोसुद्धा. अख्खा कप प्यायलो. तिथून माझ्या घराचा रस्ता डावीकडं होता. मी तिकडं बघितलं. जाऊ का घरी, असा विचार केला. तो विचार मला आजपण आठवतो. मग मी गॅरेजला परत गेलो. चाकाचा पाना घेतला. विलास एकटाच होता, पाठमोरा." त्यानं श्वास घेतला. "लगाम होता, साहेब. मी सोडला."

मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पावलं दाराकडं गेली आणि दार लागलं. हणमंतनं डोळे मिटले.

अनसूयाबाई त्याच्याकडं बघत होत्या. सबंध सुनावणीत त्यांनी पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडं पाहिलं होतं.

"पाठमोरा हुता?"

"होय."

"म्हंजे त्याला कळलं न्हाई?"

"नाही, आई. कळलं नाही."

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं, पदरानं तोंड पुसलं आणि पोलिसाला म्हणाल्या, "चल बाई, घरी जाऊ."

डॉ. तडवी नऊ दिवसांनी आल्या. जुन्या तुरुंगातून त्यांनी कागद मागवले होते. दवाखान्यातले चार दिवस सापडले. 'डाळ वारंवार करपवतो, सबब विणकाम विभागात बदली' असा शेराही सापडला. त्यांनी तो टेबलावर ठेवला.

"तुमच्या कामाचं नुकसान झालं," हणमंत म्हणाला.

"झालं. अकरा जणांची सुटका थांबलीय. आता प्रत्येकाचा डाग कधीचा ते शोधायचं. चित्रात डाग दिसतो, त्याची तारीख दिसत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला ते उदाहरण फार आवडलं होतं." त्या कडवट हसल्या. "तुम्ही हं म्हणालात आणि मी दुसरा प्रश्न विचारला नाही."

"मी सांगायला पाहिजे होतं."

"हो. पाहिजे होतं." मग त्यांनी पिशवीतून एक वही काढली. "पण मी आज दुसऱ्याच कामाला आलेय. लगाम तुटलेला आहे, हे खरं आहे. दहा वर्षांपासून तुटलेला आहे. ज्या दिवशी तो शाबूत होता त्या दिवशी तुम्ही माणूस मारलात. आणि तुटल्यापासून तुमच्या नावावर एकही मारामारी नाही. मी सगळी रजिस्टरं बघितली, शिवीगाळसुद्धा नाही. माझ्या शास्त्राप्रमाणं उलटं व्हायला हवं होतं. कसं जमवलंत?"

हणमंतला हा प्रश्न कुणी विचारेल असं कधी वाटलं नव्हतं.

"पडल्यावर राग फार यायला लागला. आधी असा यायचा नाही. डोळ्यापुढं लालच व्हायचं. मग मी खाली बसायला लागलो."

"खाली?"

"जमिनीवर. जिथं असेन तिथं. बसलेल्या माणसाला मारायचं तर आधी उठावं लागतं. उठेपर्यंत जरा वेळ मिळतो. लोक हसतात, ते सोडा. आणि कुणाशी फार बोलायचं नाही. जवळ जाऊच नये, म्हणजे मग तशी वेळच येत नाही."

डॉ. तडवींनी ते शब्दन् शब्द लिहून घेतलं. "दहा वर्षं?"

"दहा वर्षं."

त्यांनी वही मिटली. जाताना त्यांनी दारातून मान हलवून निरोप घेतला. महिन्याभरात यंत्रही दुसऱ्या तुरुंगात गेलं.

अकरा जणांपैकी दोघं हणमंतच्याच बराकीत होते. त्यातल्या एकाचं घरी जायचं सामान बांधून तयार होतं. हणमंतच्या पाण्याच्या भांड्यात कुणी थुंकून ठेवू लागलं, त्याची घोंगडी ओली सापडू लागली. जेवणाच्या रांगेत त्याच्या पुढं आणि मागं दोन हात जागा मोकळी राहायची. त्याच्याशी कुणी बोलत नसे. एकदा त्या माणसानं त्याला गळा धरून भिंतीवर दाबलं. "तुला बाहेर जायचं नव्हतं तर नव्हतं, आमच्या पोटावर का आलास?" हणमंतचं डोकं गरम झालं, कानशिलं उडू लागली. गळ्यावरचा हात ढिला झाला तसा तो भिंतीला पाठ घासत खाली बसला आणि तिथंच बसून राहिला.

तेजलला त्यानं एक पत्र लिहिलं. 'तुझी शपथ मोडली. माझं ऐकशील तर ओंकारच्या घरी मी मेलो असंच सांग.' उत्तर आलं नाही. दुसरं पत्र लिहिण्याचा आपल्याला अधिकार नाही, असं वाटून त्यानं लिहिलं नाही. सोमवारी नावं पुकारली जायची. आता तो मान वर करायचा. काही उपयोग नाही हे माहीत असूनही वर करायचा आणि पुन्हा धाग्यांकडं वळायचा. पूर्वीच्या एकटेपणाची त्याला सवय झाली होती. पण त्या सहा महिन्यांत ती सवय मोडली होती आणि पुन्हा लागायला तयार नव्हती.

चौदा महिने गेले.

पंधराव्या महिन्यातल्या एका सोमवारी तेजल आली. केस कापले होते, थोडी वाळली होती. तिनं फोन उचलला पण 'पप्पा' म्हणाली नाही.

"ओंकारचं लग्न झालं," ती म्हणाली. "तिकडं कुरुंदवाडची मुलगी केली."

"माझ्यामुळं."

"हो. तुमच्यामुळं." तिनं सरळ त्याच्याकडं पाहिलं. "मी तुम्हाला माफ करायला आले नाही."

"नको करू."

"मला एकच विचारायचंय. सतरा-अठरा वर्षं विचारायचंय, पण कुणाला विचारणार? आत्या म्हणायची, तू लहान आहेस. नंतर म्हणायची, कशाला उकरतेस. रिपोर्ट आला तेव्हा वाटलं, बरं झालं, आता विचारायची गरजच नाही." तिनं फोन दुसऱ्या हातात घेतला. "त्या दिवशी शाळा सुटल्यावर तुम्ही मला न्यायला आला होतात. एरवी आत्या यायची. तुम्ही मला सायकलवर पुढं बसवलंत आणि घरी न जाता कृष्णेच्या घाटावर नेलंत. आपण नावा मोजल्या. मी पाण्यात पाय सोडून बसले. माझ्या लहानपणातला तुमच्याबरोबरचा सगळ्यात चांगला दिवस तोच आहे. पोलिस नंतर आले, दिवेलागणीला." ती थांबली. "तुम्ही मला न्यायला आलात तेव्हा ते झालं होतं का?"

हणमंतला घाट दिसला. पाण्यात सोडलेले तिचे बारके पाय दिसले.

"झालं होतं," तो म्हणाला.

तिचे ओठ घट्ट मिटले.

"हात गॅरेजच्या नळावर धुतले. मग शाळेकडं आलो. संध्याकाळी धरणार हे माहीत होतं. तोवरचा वेळ तुझ्याबरोबर काढावा, एवढंच डोक्यात होतं."

"म्हणजे तो दिवस खोटा होता."

"नाही बाळ. तू होतीस ना तिथं."

तेजल रडली नाही. चष्मा काढून हातात धरून ती खाली बघत राहिली. मागच्या भिंतीवरच्या घड्याळात वेळ संपायला अकरा मिनिटं होती. ती उठून जाईल असं हणमंतला वाटलं. ती उठली नाही. काही बोललीही नाही. दोघंही फोन कानाला धरून अकरा मिनिटं तसेच बसले, आणि मग शिपायानं वेळ झाली म्हणून सांगितलं.

पुढच्या महिन्यात ती आली नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात आली.